कुणाच्या हातची भवानी

कॉलेजात मला सगळे मागून ‘भवानी’ म्हणत. मागून म्हणजे मला नीट ऐकू येईल इतक्याच मागून. मी जिना चढायला लागले की खालून कुणीतरी म्हणायचं, “आली बघा भवानी,” आणि मग खिदळणं. आमच्याकडं बाईला भवानी म्हटलं की ती देवी नसते. ती तोंडाळ, भांडखोर, बापाचंही न ऐकणारी असते. मी वळून म्हणायची, “आले की. काय पाहिजे?” आणि पोरं वह्यांत तोंड घालायची. आता सत्तरी उलटली, जिना म्हटलं की गुडघे कुरकुरतात, पण कुणी अजून त्या नावानं हाक मारली तर मी ओ देते. ते नाव मला फुकट मिळालेलं नाही. त्यापायी मी बी.ए.चं शेवटचं वर्ष पणाला लावलं होतं, आणि माझ्यापेक्षा जास्त आईचं काहीतरी लागलं होतं.

कोपरगावात बाजारतळाच्या मागच्या बोळात आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्या दोन्ही खोल्यांत मिरची राहायची. तिच्यातून जागा काढून आम्ही दोघी राहायचो. भिंतीला पोती, खाटेखाली पोती, आढ्याला टांगलेल्या लसणाच्या माळा. आमच्याकडं आलेला पाहुणा आधी उंबऱ्यावर शिंकायचा आणि मग रामराम करायचा. आमच्या नाकांना मात्र सवय झालेली. दुपारभर आई देठ खुडत बसायची, तो कट् कट् आवाज मी अभ्यास करताना ऐकत असे, आणि तो थांबला की मान वर करून बघत असे, आई उठून कुठं गेली म्हणून. संध्याकाळी उखळात कांडप. बोळातल्या बायका मसाला कांडायला यायच्या, त्यांच्या बांगड्या वाजायच्या. आईच्या हातात काही नसल्यामुळं तिच्या मुसळाचा नुसता धप् धप् आवाज यायचा. माझे वडील मी चौथीत असताना गेले. धंदा त्यांचा होता. दहावा-तेरावा उरकल्यावर आईनं त्यांचा काटा उचलला, पदर खोचला आणि कोपरगाव, राहाता, पुणतांबा असे बाजार करायला लागली. भाऊबंद म्हणाले, बाईमाणसानं काटा धरणं बरं दिसत नाही. आई म्हणाली, “मंग तुमी दिसा बरे. माझ्या लेकीला घाला खाऊ.”

त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं आणि रेशनवर तांबडा मिलो, बाहेरदेशची ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना भेगाळायची, खाताना घशात अडायची. पण आई तव्यावरच हिरव्या मिरचीचा ठेचा रगडायची, त्यात लसूण आणि शेंगदाणे, वरून तेलाचा थेंब. आणि त्या ठेच्यापुढं मिलोची काय बिशाद. अजून मी कधी कधी ठेचा करते. सून म्हणते, आई, तुमचं ॲसिडिटीचं औषध संपलंय. मी म्हणते, संपू दे.

आता भवानीचं सांगते. दुकान उघडल्यावर पहिली जी विक्री होते, तिला आम्ही भवानी म्हणतो. बाजारात लहानपण गेल्यामुळं तो शब्द मला अंकलिपीच्या आधी आला. भवानीला उधारी चालत नाही, भवानीच्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणत नाहीत. आलेला पैसा काट्याला लावायचा, मग कपाळाला, मग पोत्याखाली. भवानी चांगल्या हातची झाली तर दिवस चांगला. आणि चांगला हात म्हणजे कुणाचा, ते कुठं लिहिलेलं नव्हतं, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सवाष्णीचा चांगला. कुमारिकेचा तर उत्तमच. आणि ज्या बाईचं कपाळ मोकळं, तिनं थांबायचं.

आई थांबायची. तीच गोष्ट माझ्या डोक्यात लहानपणापासून कुसळासारखी रुतलेली. ती ज्या आडतीवरून मिरची उचलायची ती बाबूशेठची. माणूस दिसायला भला, बोलायला तर साखर. वडिलांचा दोस्त म्हणून आईला वैनी म्हणायचा. बाजाराच्या दिवशी दिवस उगवायला आई त्याच्या दारात हजर. ती दिसली की तो म्हणायचा, “या वैनी, बसा. च्या घ्या. येवढी भवानी हुंद्या, मग तुमचंच.” आई पायरीवर बसायची. चहा यायचा, तो बशीत ओतून ती फुर्र फुर्र प्यायची, आणि रस्त्याकडं बघत बसायची, कुणी चांगल्या कपाळाचं येतंय का म्हणून. तसं कुणी येईस्तोवर, त्याची खरेदी होईस्तोवर, त्याच्यामागनं आणखी दोघं घुसेस्तोवर चांगलं पोतं गेलेलं असायचं. आईच्या वाट्याला फटकी. फटकी म्हणजे रंग उडालेली, पांढरट पडलेली मिरची. मग तीच फटकी घेऊन आई तळावर बसायची आणि गिऱ्हाइकं नाकं मुरडायची, “मावशी, तुझी मिरची नेहमीच अशी कशी गं?” आई हसून म्हणायची, “तिखट हाय, रंगाला काय चाटायचंय?” पण भाव पाडून द्यावी लागायची. अपमान चहाबरोबर गिळता येतो, फटकी मिरची मात्र विकावी लागते.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी आमच्या कॉलेजात नवीन खूळ निघालं. समाजशास्त्राच्या मुलांनी पुस्तकांतून उतरवून आणायचं नाही, प्रत्येकानं स्वतः हिंडून एक प्रोजेक्ट करायचं. आणि तालुका व्यापाराचा, म्हणून ते निम्मं समाजशास्त्राचं, निम्मं वाणिज्यचं. समाजशास्त्राला मिस साळवे होत्या. नगरच्या ख्रिश्चन घरातल्या, लग्न न केलेल्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीतल्या. त्या कुणाला गोंजारायच्या नाहीत. वाणिज्यला पाटणकर सर, प्रेमळ आणि घाबरट. दोघांच्या सह्या झाल्या तरच बाहेरच्या परीक्षकापुढं तोंडी परीक्षा, आणि ती पास झाली तरच पदवी. पदवी म्हणजे मला हायस्कुलात नोकरी, आणि नोकरी म्हणजे आईला बाबूशेठची पायरी सुटणं. इतका सरळ हिशोब होता.

पाटणकर सरांनी विषयांची यादी वाचली: साखर कारखान्यातले कामगार, सहकारी सोसायटी, दूधधंदा. मी उभी राहिले आणि म्हणाले, “सर, मला भवानी करायचीय.” वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर दारात आले. तेव्हापासून ते नाव चिकटलं. पाटणकर सर म्हणाले, “अगं, हा काय विषय? ही आपली एक बाजारी समजूत.” मिस साळवे खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “समजुतीनं मालाचा भाव बदलतो का?” मी म्हणाले, “बदलतो. आमच्या घरात पोत्यानं बदललेला आहे.” “मग करा,” त्या म्हणाल्या आणि हजेरी घ्यायला लागल्या.

मग मी बाजार हिंडले. वही घेऊन हिंडणारी पोरगी बघून लोकांना वाटलं, मी सेल्स टॅक्सवाल्यांची. एका भांड्यावाल्यानं मला बघून दुकानच झाकलं. पण एकदा ‘मिरचीवाल्या मावशीची शकू’ म्हणून कळलं की लोक बोलायचे, आणि काय बोलायचे! टोपल्यावाली म्हणाली, “भवानीला रिकाम्या हातानं कुनी गेलं ना बाई, तर मी त्येच्या पाठीवर मीठ टाकते.” एक कापडवाला तर म्हणाला, त्याची भवानी एका टकल्या माणसाच्या हातची झाली की दिवस सोन्याचा जातो, आणि तो त्या टकल्याला दर बाजारी चहा पाजून बोलावून आणतो. मी विचारलं, “आणि रांडमुंड बाई आली तर?” हा शब्द मी मुद्दाम वापरायची. तोच लोक आईच्या पाठीमागं वापरायचे. माणसं दचकायची, इकडंतिकडं बघायची आणि म्हणायची, “तसं काय न्हाई. फकस्त जरा थांबवतो.” सगळ्यांचं एकच पालुपद. फक्त जरा थांबवतो.

आणि मग एका बाजारी, आईच्याच दुकानाशी बसलेली असताना, मला गंगूमावशी दिसली. म्हणजे दिसत होती ती कित्येक वर्षं. गोदावरीच्या घाटाकडं राहायची, लोकांच्या घरी पापड-कुरडया करून पोट भरायची, नवरा तरुणपणीच गेलेला. दर बाजारी ती सकाळीच यायची, पिशवी पोटाशी धरायची आणि आईच्या दुकानापासून दोन हात लांब, लसणाच्या ढिगाआड उभी राहायची. आई तिला काही म्हणायची नाही. म्हणायची गरजच नव्हती. एखादी कुंकवाची बाई येऊन मिरची घेऊन गेली, आईनं पैसा कपाळाला लावला, की मग गंगूमावशी पुढं यायची. “झाली का भवानी? मंग द्या मला छटाकभर.” माझ्या हातातली पेन्सिल थांबली. बाबूशेठच्या पायरीवरून उठून आलेली माझी आई, अर्ध्या घटकेत दुसरीला तीच पायरी दाखवत होती, फक्त चहा न देता.

मी दोन्ही लिहिलं. आडत्या आणि त्याच्या पायरीवरची विधवा. ती विधवा आणि तिच्या ढिगाआडची दुसरी विधवा. नावं न घालता, पण एकाच पानावर. आणि आईला वाचून दाखवलं, चुलीपाशी. आई आधी खूश होऊन ऐकत होती. बाबूशेठचा चहा आला तेव्हा तर म्हणाली, “ब्येस लिवलंस. लई ब्येस.” मग गंगूमावशी आली आणि आईचा भाकरी थापणारा हात परातीतच राहिला.

“ह्ये कशाला?” ती म्हणाली.

“खरं आहे म्हणून.”

“मला त्येच्या पंक्तीला बसवलंस व्हय गं? त्यो शेठ, म्या तळावर बसनारी. त्येचं एक पोतं अडलं तर त्याला काय हाय? माझी भवानी नासली तर चूल न्हाई पेटत.”

“गंगूमावशीची पेटते का?”

त्यावर आई अशी भडकली की भाकरी तव्यावर करपली आणि तिला कळलं नाही. “शेठचं ऱ्हाऊ दे,” ती शेवटी म्हणाली, “माझं तेवढं काढ.” आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी म्हणाले, काढणार नाही. दोन दिवस आमच्या घरात देठ खुडल्याचा आवाज तेवढा होता.

तिकडं कॉलेजात उलटच. पाटणकर सरांनी तेच पान वाचलं, चष्मा काढला, पुसला. बाबूशेठ आमच्या कॉलेजच्या कार्यकारी मंडळावर होता. नवीन इमारतीला त्याचे पैसे होते. सर हळू आवाजात म्हणाले, “बाळ, आईचं राहू दे, ते हृदयस्पर्शी आहे. आडत्याचं तेवढं काढ.” मला हसू फुटलं. एक म्हणते शेठ ठेव, मला काढ. दुसरा म्हणतो आई ठेव, शेठ काढ. मी म्हणाले, “सर, दोघं एकमेकांना चिकटलेत, वेगळे निघत नाहीत.” सर वैतागले. “हे सगळं ऐकीव! थांबवलं म्हणून काय बिघडलं? भवानीनं धंद्यावर खरंच परिणाम होत नाही, याला तुझ्याकडं पुरावा काय? पुराव्याशिवाय मी सही करणार नाही.”

मिस साळवे म्हणाल्या, “ते बरोबर बोलतायत. पुरावा आणा.” मला त्यांचा राग आला. त्या रागातच मी घरी आले, आणि उंबऱ्यावर पाय ठेवता ठेवता मला सुचलं. मी कुमारिका होते की! बाजारातला उत्तम हात माझ्याच मनगटाला होता आणि मी तो पेन्सिल धरायला वापरत होते.

आईला सांगितलं. दोन दिवसांचा अबोला होता, पण बेत ऐकताना तिच्या ओठाच्या कोपऱ्याला काहीतरी हललं. बाजाराच्या पहाटे तिनं कनवटीची नोट काढली, मिरचीनं लाल झालेली, कितीदा तरी घडी पडलेली, आणि माझ्या हातात कोंबली. “ने,” म्हणाली. “बघू त्येचा द्येव काय म्हनतो.”

बाबूशेठनं नुकतं झाडून पाणी शिंपडलं होतं. मला दारात बघून त्याचं तोंड उजळलं. “अरे, शकू! आज तू? या या, लक्षुमी आली.” मी म्हणाले, आईला बरं नाही, मी आलेय. “तुझ्या हातची भवानी म्हंजे काय इचारता!” त्यानं स्वतः पोतं उघडून दाखवलं. लालभडक, चकचकीत, देठाला हिरवी. आईनं कितीतरी वर्षांत तशी मिरची विकली नव्हती. मी नोट दिली. त्यानं ती काट्याला लावली, कपाळाला लावली, मग दोन्ही डोळ्यांना लावली, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याला वाटलं भक्तीचं. मला ठाऊक होतं, मिरचीचं.

पुढच्या बाजारी पुन्हा गेले. मग पुन्हा. बाबूशेठ माझी वाटच बघायला लागला. दुसऱ्या कुणाला म्हणायचा, “थांबा वं जरा, मिरचीवाल्या वैनीची पोरगी यीऊ द्या.” एकदा तर दारात चार माणसांपुढं छातीवर हात ठेवून म्हणाला, “ह्या पोरीचा हात लागल्यापास्नं माझा माल संध्याकाळपर्यंत टिकत न्हाई. असा हात मी पाह्यला न्हाई.” मी विचारलं, “लिहू का शेठ, तुम्ही असं म्हणालात म्हणून?” तो म्हणाला, “लिव्ह की! खुशाल लिव्ह!” मी लिहिलं. आणि त्याच्याखाली लिहिलं की प्रत्येक वेळची नोट आईच्या कनवटीची होती. एका विधवेच्या पैशानं ही आडत इतके बाजार उघडली आणि तिचं सोनंच झालं, मालकाच्याच तोंडून.

मिस साळवे यांनी ते वाचलं, सही केली, आणि फाइल हातात देताना विचारलं, “आणि त्या बाजारांत त्याला खोट आली असती तर? तर त्याचं म्हणणं खरं धरलं असतंत का तुम्ही?” आणि उत्तराची वाट न बघता त्या पुढच्या तासाला निघून गेल्या. पाटणकर सरांनी बराच वेळ पेन हातात फिरवलं आणि लिहिलं: ‘पाहिले. सहमत नाही.’ खाली सही. सहमत नसलेली सही ही पण सहीच असते. मी फाइल उचलली आणि पळाले.

तोंडी परीक्षेच्या सकाळी आईनं माझी वेणी घालताना म्हटलं, “शेठचं नाव आपनहून घिऊ नको. पर कुनी इचारलं तर खोटं बोलू नको.” “आणि त्यानं मिरची बंद केली तर?” तिनं वेणीला असा हिसका दिला की मान मागं गेली. “ते माझं मी बघीन.”

परीक्षक पुण्याहून आले होते. वयस्कर, टोपी घातलेले. त्यांच्या स्वागताला कार्यकारी मंडळातर्फे कोण? बाबूशेठ. त्यानं हार घातला, आणि चहा येईपर्यंत तिथंच खुर्चीवर बसला. मला बघून कौतुकानं मान डोलावली. परीक्षकांनी माझी फाइल उघडली आणि सणसणीत शिंकले. फाइल आमच्या घरातलीच ना! पाटणकर सर पटकन म्हणाले, “थांबा सर, एक मिनिट थांबा. शिंक आली.” भवानी ही बाजारी समजूत म्हणणारे आमचे सर! हेही फाइलीत घालावं की काय असं माझ्या मनात आलं.

मिनिटानं परीक्षकांनी घसा साफ केला. त्यांच्याकडं कॉलेजातून फक्त विषयाचं नाव गेलं होतं, ‘आठवडे बाजारातील भवानी’, आणि बिचारे तुळजापूरपासून सगळी देवीची तयारी करून आले होते. पहिलाच प्रश्न: “या बाजारात देवीचं ठाणं नेमकं कुठं आहे?”

“ज्याच्या त्याच्या काट्यावर, सर,” मी म्हणाले.

मग सगळा उलगडा झाला. ते मनापासून हसले, कपाळावर हात मारून घेतला आणि तिथंच बसून फाइल वाचायला लागले. खोलीत पानं उलटल्याचा आवाज. बाबूशेठचा चहा आला. तो बशीत ओतून फुर्र फुर्र प्यायला लागला, अगदी आईसारखा. परीक्षक त्या पानावर थांबले. “हा आडत्या खरा आहे की तुम्ही रचलाय?”

“खरा आहे.”

“कोण?”

पाटणकर सर डोळ्यांनी ‘नको नको’ करत होते. मिस साळवे खिडकीबाहेर बघत होत्या. मला विचारलं होतं, आणि खोटं बोलायचं नव्हतं. “सर,” मी म्हणाले, “तुमच्या गळ्यातला हार त्यांनीच घातलाय.”

बशी टेबलावर टेकल्याचा आवाज आला. परीक्षकांनी मोठ्यानं तो उतारा वाचला, छातीवर हात ठेवून म्हटलेलं वाक्य आणि खालचं कनवटीचं. बाबूशेठ माझ्याकडं बघत राहिला. “ती नोट वैनीची हुती?” “प्रत्येक वेळची.” त्याचा चेहरा आधी उतरला, मग घट्ट झाला. हुशार माणूस, लगेच सावरला. “कुमारिकेच्या हातातनं आली, तितंच तिचं सगळं धुऊन निघालं. नोटंला काय असतंय? हाताला असतंय.”

“मग हा हात बघा,” मी म्हणाले आणि त्याच्या तोंडासमोर धरला. “हा तिनंच भाकरी घालून वाढवलाय. ज्या हाताच्या भाकरीनं हा झाला, तो हात तुमच्या पायरीवर बसवून ठेवता, शेठ. चहा पाजता म्हणून ते गोड होत नाही.”

तो उठला आणि बशी तशीच टाकून गेला. मला वाटलं, झालं, पदवीही गेली आणि मिरचीही. परीक्षकांनी पुढचं पान उलटलं, गंगूमावशीचं, आणि शांतपणे विचारलं, “आणि तुमच्या आईच्या दुकानात? तिथं ही बाई अजून ढिगाआडच उभी राहते?”

“हो,” मी म्हणाले. काय सांगणार दुसरं?

“गुण मी देतो. चांगले देतो. पण पोरी, प्रोजेक्ट पुरं झालं असं मी म्हणणार नाही. शेवटचं प्रकरण तुझ्या घरी राहिलंय.”

मी ते आईला जसंच्या तसं सांगितलं. ती देठ खुडत होती, खुडत राहिली. पास झाले म्हणून शेजारी गूळ वाटला, एवढंच.

पुढच्या बाजारी आई स्वतः बाबूशेठकडं गेली. मी मागं होते. दारात पोत्यांची थप्पी होती आणि तो म्हणाला, “माल संपला, वैनी.” आई थप्पीकडं बघून म्हणाली, “बरं.” आणि तळाच्या दुसऱ्या टोकाच्या आडतीवर गेली. तिथला गडी म्हणाला, “बसा मावशी, भवानी हुंद्या.” तिथं पायरी होती. आई बसली नाही. चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून दारातच उभी राहिली. “मी न्हाई बसत. हुभीच ऱ्हाते, हितंच. तुमची भवानी यील ती माझ्या अंगावरनं यील.” मागं दोन गिऱ्हाइकं जमली, आई हलेना. तो चिडला, पुटपुटला, मला म्हणाला, “आईला समजाव.” मी म्हणाले, “माझं ती कधीच ऐकत नाही.” शेवटी त्यानं पोतं उघडलं. लालभडक.

तळावर आम्ही उशिरा पोचलो. आईनं तरट अंथरलं, काटा टांगला, ढीग लावला. गंगूमावशी केव्हाची येऊन लसणाआड उभी होती. तेवढ्यात एक ठसठशीत कुंकवाची, हिरव्या चुड्याची बाई आली. मिरची हातात घेऊन म्हणाली, “आज माल लई झ्याक आणलाय गं मावशी! दे किलोभर.” आई म्हणाली, “देते. जरा थांबा बाई.” आणि मान न वळवता मोठ्यानं हाक मारली, “गंगे, पुढं हो.”

गंगूमावशीला वाटलं तिच्या हातून काही चुकलं. “न्हाई वं, हुंद्या तुमची भवानी. मला काय घाई न्हाई.”

“तुझीच करायचीय. पिशवी आन.”

“आवं, कशाला माझा हात... दिवस जाईल तुमचा. लेकुरवाळी बाई हुभी हाय.”

“हुभी ऱ्हाईना का. आमी काय कमी हुभ्या ऱ्हायलो?” आई आता रडवेली झाली होती आणि म्हणूनच ओरडत होती. “आन म्हनते ना पिशवी!”

गंगूमावशीनं पिशवी पुढं केली. आईनं छटाकाच्या जागी ओंजळ भरून घातली. मावशीनं पदराच्या गाठीतलं नाणं काढलं, ते द्यावं की ठेवावं तिला कळेना. आईनं ते तिच्या बोटांतून ओढूनच घेतलं. काट्याला लावलं. कपाळाला लावलं, तिथं जिथं काही नव्हतं. आणि तरटाखाली सारलं. ती चुड्याची बाई बघत राहिली, मग मिरची खाली टाकून चालती झाली. आईनं तिच्याकडं पाहिलंही नाही.

मी ही गोष्ट जिथं जिथं सांगितली, वर्गात, लग्नात, नातवंडांना, तिथं कुणीतरी हमखास विचारतं: मग त्या दिवशी धंदा झाला का? मी सांगत नाही. ‘खोट आली असती तर?’ या मिस साळवे यांनी विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर तेवढंच आहे. मीही पोरच होते, संध्याकाळी तरट गुंडाळताना आईला हेच विचारलं होतं: “आई, बाजार कसा झाला गं?”

आई काटा फडक्यात बांधत होती. “बाजार काय,” ती म्हणाली, “कवा हुतो, कवा न्हाई हुत. भवानी मातुर ब्येस झाली.”